काळजी घालवण्याची घाईच काळजी वाढवते

मुलगी पुण्यात नोकरीला, आई साताऱ्यात. रात्री साडेआठला मुलीचा ‘निघाले’ असा मेसेज येतो आणि साडेनऊपर्यंत ‘पोचले’ असा यायला हवा. नाही आला की आईच्या पोटात गोळा येतो. एकदा फोन, उचलत नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मग मुलीच्या रूममेटला. पावणेदहाला मुलगी फोन करते, ‘अगं आई, गाडी चालवत होते, मोबाइल बॅगेत होता.’ आईचा जीव भांड्यात पडतो. दुसऱ्या रात्री मात्र तिची घालमेल साडेनऊची वाट बघत नाही, नऊलाच सुरू होते.

काळजी माणसात घर कशी करते, ते या एवढ्याशा प्रसंगात दिसतं. जीव भांड्यात पडला तो क्षण आईच्या मेंदूने नोंदवून ठेवला. त्याच्या हिशेबी धोका होता, फोन केले आणि धोका टळला. खरं तर मुलगी एरवीही सुखरूप पोचलीच असती. पण ते पडताळून बघायची संधी मेंदूला मिळालीच नाही, कारण हात आधीच फोनकडे गेला होता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ओ. एच. मॉवरर यांनी 1947 साली भीतीबद्दल असाच विचार मांडला: भीती मनात बसते ती एखाद्या अनुभवाने, टिकून राहते ती मात्र ती टाळल्यावर मिळणाऱ्या सुटकेमुळे. फोन करणं, पुन्हा पुन्हा खात्री करून घेणं, गर्दीत न जाणं, लक्षण दिसलं की लगेच मोबाइलवर शोधणं, हे सगळे त्या सुटकेचेच प्रकार. दहा मिनिटं बरं वाटतं आणि पुढच्या वेळी काळजी आणखी लवकर येते.

म्हणून इथे सांगितलेल्या सवयी काळजी झटक्यात घालवण्यासाठी नाहीत. काळजी अंगात असतानाही आपण उभे राहू शकतो, काम करू शकतो आणि ती आपसूक ओसरते, याचा अनुभव शरीराला रोज थोडा थोडा द्यायचा, एवढ्यासाठी त्या आहेत. यातला फरक लक्षात आला नाही तर चांगली सवयसुद्धा बिघडते. ‘श्वासाचा व्यायाम केला तरी धडधड थांबली नाही’ म्हणून घाबरणारे कितीतरी जण असतात, ते यामुळेच.

धडधड, गार हात, पोटात कालवाकालव

मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराचा एकेक छोटा भाग असतो, अमिग्डला. धोक्याची वर्दी देण्यात त्याचा मोठा वाटा असतो आणि ही वर्दी आपण विचार करून निष्कर्ष काढायच्या आत निघालेली असते. मग मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन रक्तात सोडतात. हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 मध्ये या तयारीचं वर्णन केलं. लढायचं असो की पळायचं, शरीर एकाच पद्धतीने सज्ज होतं.

आता लक्षणं एकेक करून बघा. हृदय जोरात धडधडतं, कारण मांडीच्या आणि दंडाच्या स्नायूंना रक्त जास्त हवं असतं. हातपाय गार पडतात, कारण कातडीकडचं रक्त आत वळवलेलं असतं. पोट ढवळतं, कारण अशा वेळी पचन महत्त्वाचं नसतं. घाम येतो तो तापलेलं शरीर थंड ठेवण्यासाठी. यातलं काहीही बिघाडाचं लक्षण नाही. फक्त वाघ समोर नसताना, ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या हे सगळं होतं म्हणून ते विचित्र वाटतं.

ऑक्सफर्डचे डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये पॅनिक अ‍ॅटॅकची जी फोड केली, ती कळली तर निम्मी भीती कमी होते असं मला मनापासून वाटतं. छातीत धडधड होते. मन म्हणतं, ‘हा हार्ट अ‍ॅटॅक आहे.’ त्या विचाराने आणखी अ‍ॅड्रिनलिन सुटतं, धडधड वाढते, मन म्हणतं ‘बघ, खरंच आहे’. काही मिनिटांत माणूस आता आपण मरणार या टोकाला पोचतो. ही लाट बहुधा दहा मिनिटांच्या आत शिखर गाठते आणि मग उतरते. काही केलं नाही तरी उतरते.

एक गोष्ट मात्र इथेच स्पष्ट सांगायला हवी. छातीतलं दुखणं पहिल्यांदाच होत असेल, वय चाळिशीच्या पुढे असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, दरदरून घाम आणि धाप असेल, तर ‘माझं टेन्शनच असेल’ असं स्वतःच ठरवून घरी बसू नका. 108 ला फोन करा, ईसीजी काढा. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असेल तरी धडधड, थरथर आणि बेचैनी अगदी काळजीसारखीच दिसते. दम्याच्या काही पंपांमुळेही हात थरथरतात. एकदा डॉक्टरांकडून तपासून घेणं शहाणपणाचं. तीच तपासणी दर महिन्याला नव्या डॉक्टरकडे करून घेणं मात्र साताऱ्याच्या आईच्या फोनांसारखंच.

‘दीर्घ श्वास घ्या’ हा सल्ला कुठे चुकतो

घाबरलेल्या माणसाला सगळे सांगतात, दीर्घ श्वास घे. तो बिचारा जोरजोरात छाती भरून घेतो आणि त्याला अधिकच गरगरायला लागतं. कारण साधं आहे. घाबरलेला माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त हवा घेत असतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. त्यावर आणखी मोठे श्वास घेतले की हे सगळं वाढतं. त्याला प्राणवायू कमी पडलेला नसतो.

उपयोग होतो तो श्वास सोडण्याचा. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित मंदावतात. मनगटावर नाडी धरून बघा, निरोगी तरुण माणसाला हा फरक जाणवतोसुद्धा. हे काम व्हेगस नावाच्या मज्जातंतूचं. म्हणून नाकाने नेहमीइतकाच श्वास चार आकडे मोजत घ्यायचा आणि सहा आकडे मोजत सावकाश सोडायचा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पोट पुढे आलं पाहिजे, खांदे वर नाही. आकडे मोजायचा कंटाळा येत असेल तर भ्रामरी करा. गुणगुणताना श्वास आपोआप लांबतो, वेगळं काही मोजावं लागत नाही.

हा सराव शांत असताना करायचा, सकाळी आणि रात्री पाच पाच मिनिटं. ऐन घबराटीत पहिल्यांदाच करून बघितलं तर जमत नाही, आणि न जमल्याची नवीच काळजी लागते. महिनाभर शांतपणी केलं की कठीण वेळी शरीराला वाट माहीत असते. तेव्हाही अपेक्षा इतकीच ठेवा की लाट असताना पाय जमिनीवर राहतील.

काळजीला वेळ द्या, ठरवून

‘विचार करू नकोस’ हा सल्ला कुणालाच जमलेला नाही. ‘आत्ता नको, साडेसहाला’ हे मात्र जमतं. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीचे टॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांचे सहकारी यांनी 1983 मध्ये ही पद्धत तपासून मांडली, आणि मला विचाराल तर घरच्या घरी करता येण्याजोग्या सगळ्या उपायांत ही सर्वांत मोलाची आहे. औषध लागत नाही, पैसे लागत नाहीत, एक शंभर पानी वही लागते.

दिवसातला अर्धा तास ठरवा. रोज तीच वेळ, तीच जागा. पलंगावर नाही आणि झोपेच्या तोंडावरही नाही. दिवसभरात काळजी आली की वहीत एका ओळीत टिपून ठेवायची आणि हातातल्या कामाकडे परतायचं. पाचच मिनिटांत ती पुन्हा येईल, येऊ दे, लिहिलेलीच आहे. संध्याकाळी वही उघडायची. समजा पानावर अशा ओळी आहेत: ‘गृहकर्जाचा हप्ता वाढला तर?’ ‘साहेबांनी मेल वाचूनही उत्तर दिलं नाही.’ ‘बाबांना काही झालं तर?’ ‘गॅस बंद केला का?’

प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: यावर उद्या मी काही करू शकतो का? हप्त्याबद्दल करता येतं, म्हणून समोर लिहायचं ‘उद्या 11 वाजता बँकेत फोन, मुदत वाढवायचं विचारणे’. बाबांच्या बाबतीत, त्यांची रक्तदाबाची तपासणी राहिली असेल तर ‘शनिवारी डॉक्टर’ असं लिहायचं, आणि उरलेला भाग, म्हणजे कधीतरी काहीतरी होईल हा, तसाच सोडायचा. त्याचं उत्तर कुणाकडेच नाही. साहेबांच्या मेलचं काही करायचं नाही. गॅसची ओळ तर संध्याकाळी वाचताना आपसूकच मागे पडलेली असते. आठवडाभराने पानं चाळली की सकाळी जीव खाणाऱ्या कितीतरी ओळी संध्याकाळपर्यंत थंड पडल्या होत्या, हे आपल्याच अक्षरात दिसतं. कुणी दुसऱ्याने समजावून ते पटलं नसतं.

अर्धा तास संपला की वही मिटायची आणि उठायचं, भाजी चिरायची किंवा पोरांचा अभ्यास घ्यायचा. काही लिहायला नसेल तर त्या दिवशी सुट्टी.

वहीत एक गोष्ट हमखास सापडते, ती म्हणजे ‘च’. ‘मला प्रमोशन मिळालंच पाहिजे.’ ‘माझं भाषण चांगलंच झालं पाहिजे.’ न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून या हट्टावरच आपली उपचारपद्धती उभारली, आणि अंबरनाथच्या कि. मो. फडके यांनी ती मराठीत विवेकनिष्ठ विचारसरणी म्हणून आणली. इच्छा जबरदस्त असू दे, ती हुकूम झाली की भीती बसते. ‘प्रमोशन मिळावं अशी माझी फार इच्छा आहे, नाही मिळालं तर वाईट वाटेल, पण मी मोडणार नाही.’ हे वाक्य गुळगुळीत सकारात्मक विचारापेक्षा कितीतरी खरं आहे, म्हणून ते टिकतं.

कोपरपर्यंतचा प्रवास

टाळाटाळ मोडायची कशी, ते एका उदाहरणाने सांगते. समजा डोंबिवलीचा एक तरुण आहे. दादरला ऑफिस. एकदा मुंब्र्याच्या पुढे गाडी थांबली, गर्दीत त्याचा जीव घाबरा झाला, पॅनिक अ‍ॅटॅक आला. तेव्हापासून लोकल बंद. आधी शेअर टॅक्सी, मग घरून काम, मग नोकरीच सोडावी का हा विचार. प्रत्येक टप्प्यावर त्याला हायसं वाटलं आणि प्रत्येक टप्प्यावर त्याचं जग आखूड होत गेलं.

त्याला एकदम सकाळी सव्वाआठच्या फास्टमध्ये चढ म्हणणं निर्दयपणाचं आहे आणि बहुधा उलटतं. त्याऐवजी पायऱ्या पाडायच्या. पहिल्यांदा नुसतं प्लॅटफॉर्मवर जाऊन वीस मिनिटं बाकावर बसायचं, चार गाड्या जाऊ द्यायच्या. मग रविवारी दुपारी रिकाम्या स्लो गाडीने डोंबिवली ते कोपर, एकच स्टेशन, आणि परत. मग दिवा. मग मुंब्रा, जिथून हे सुरू झालं. मग कळवा, ठाणे. मग हेच कामाच्या दिवशी दुपारी. मग थोडी गर्दी असलेली वेळ. प्रत्येक पायरी भीती कंटाळवाणी होईपर्यंत पुन्हा पुन्हा करायची आणि मगच वरची.

यात दोन बारकावे आहेत. लाट अंगात असताना उतरायचं नाही. कोपरचं ठरलं होतं तर धडधडत का होईना कोपरपर्यंत जायचं, कारण ती उतरणीला लागते हे शरीराला कळायचं असेल तर तेवढा वेळ तिथे थांबावं लागतं. दुसरं म्हणजे कुबड्या. खिशात गोळी आहे म्हणून बरं वाटतं, दाराशीच उभं राहिलं की बरं वाटतं, बरोबर भाऊ आहे म्हणून बरं वाटतं. सुरुवातीला भाऊ असू दे, दारात मात्र नकोच, ते एरवीही जिवावर बेतणारं. पण नंतर हळूहळू तेही सोडायचं, नाहीतर मेंदू श्रेय भावाला देतो. हा रस्ता सरळ नसतो. एखाद्या दिवशी ठाण्याला जाऊन आलेला माणूस दुसऱ्या दिवशी दिव्यालाच घाबरतो. त्या दिवशी दिव्यापर्यंतच जायचं. पॅनिक अ‍ॅटॅक वारंवार येत असतील तर या पायऱ्या समुपदेशकाबरोबर आखणं बरं.

चहा, झोप, चालणं

चहा सोडा असं म्हणून महाराष्ट्रात कुणी ऐकणार नाही, आणि सोडायची गरजही नाही. वेळ मात्र बघा. कॅफिन अर्धं शरीराबाहेर पडायला मोठ्या माणसाला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकराला अंगात असतं. काळजीने त्रासलेल्यांमध्ये कॅफिनने होणारी धडधड पुन्हा ‘काहीतरी होतंय’ म्हणून वाचली जाते. दुपारी तीननंतर चहा-कॉफी बंद करून दोन आठवडे बघा. दिवसाला सहा कप होत असतील तर एकदम तोडू नका, डोकं धरतं. एकेक कप कमी करा.

तंबाखू, मशेरी आणि सिगारेट यांनी टेन्शन जातं असं वाटतं, कारण मधल्या वेळात चढलेली तलफ शमते. निकोटिन स्वतः हृदयाचे ठोके वाढवतं. दारूचंही तसंच, रात्री सैल वाटतं, पहाटे चारला छाती धडधडत जाग येते.

झोपेसाठी एकच नियम निवडायचा असेल तर उठण्याची वेळ निवडा. रात्री कितीही उशीर झाला तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं, रविवारीही. आणि वीसेक मिनिटं झोप आली नाही तर पलंगावर तळमळत पडायचं नाही. उठून मंद उजेडात बसायचं, कपड्यांच्या घड्या घालायच्या, डोळे जड झाले की परतायचं. पलंग म्हणजे काळजी करायची जागा, ही जोडणी तोडायची आहे. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला.

चालण्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. काळजीवाल्यांना त्याचा आणखी एक फायदा होतो, ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही. चढ चढताना धडधड होते, घाम येतो, दम लागतो, आणि काहीही वाईट घडत नाही. तीच लक्षणं पुढे खुर्चीत बसल्यावर आली तर तितकी परकी वाटत नाहीत.

घरातल्यांनी काय बोलावं

‘काही होणार नाही गं’ हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं. एकदा म्हणणं ठीक. विसाव्या वेळी ते त्या माणसाची सवय बनलेलं असतं, आणि म्हणणाराही वैतागलेला असतो. साताऱ्याच्या त्या आईच्या मुलीने एखाद्या शांत दुपारी, भांडण चालू नसताना, बोलायला हवं. ‘आई, मी पोचल्यावर एक मेसेज करीन. कधी अर्धा तास उशीर होईल. तोपर्यंत तू फोन करायचा नाहीस, मालिका बघ नाहीतर नणंदेशी बोल. अवघड जाईल, मला माहितीये.’ मग मुलीने मेसेज खरंच करायचा, आणि आईने तो अर्धा तास काढायचा. पहिले काही दिवस आईला फार जड जातील. त्या दिवसांत तिची थट्टा करू नये.

नवऱ्याला, बायकोला, वाढत्या वयातल्या मुलाला म्हणता येईल असं एक वाक्य आहे: ‘तुला त्रास होतोय हे मला दिसतंय. मी इथे आहे. वहीत लिहून ठेव, संध्याकाळी बघू.’ यात खोटी हमीही नाही आणि झिडकारणंही नाही. ‘तुला कसलं टेन्शन, सगळं तर आहे’ हे मात्र कुणीही कुणाला म्हणू नये. माणूस त्रास होतोय हे सांगणंच बंद करतो.

या सवयी पुरत नसतील तर

बऱ्याच गोष्टींची काळजी जवळजवळ रोज, सहा महिने किंवा जास्त काळ लागून राहिली असेल, कामावर, झोपेवर, घरातल्या नात्यांवर परिणाम झाला असेल, तर तो उपचार लागणारा आजार असू शकतो. जगणं नकोसं वाटत असेल तर सहा महिने, सहा दिवस काहीच बघत बसू नका, आजच बोला. केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

मानसोपचार म्हटलं की आपल्याकडे अजूनही ‘येरवडा’ आणि ‘ठाणा’ हेच शब्द आठवतात. काळजीच्या त्रासासाठी भरती व्हावं लागणं फार क्वचित घडतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, केसपेपर काढून साध्या रांगेत उभं राहून दाखवता येतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायला हवं, तेव्हा आपली पॉलिसी एकदा वाचून बघा.

गोळ्यांबद्दल दोन गोष्टी. काळजीसाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला बेचैनी थोडी वाढूही शकते, तेव्हा चार दिवसांत ‘लागू पडत नाही’ म्हणून सोडू नका. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांचं उलट आहे, त्यांनी लगेच बरं वाटतं आणि म्हणूनच त्यांची सवय लागते. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर त्या आणू नयेत, आणि बरेच दिवस घेत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नयेत, फिट येण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. कमी करायच्या त्या डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे.

पहिल्या भेटीला जाताना ती वही बरोबर न्या. त्रास कधीपासून आहे, झोप किती तास, चहा-तंबाखू-दारू किती, चालू औषधं कोणती आणि त्रासामुळे काय करणं सोडून दिलंय, एवढं शेवटच्या पानावर लिहून ठेवा. ओपीडीत वेळ कमी असतो आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर निम्मं आठवत नाही.